शेवटची बांधी

विलास शहारेला मी बसलेला पाहिला तो मोजक्याच वेळा, आणि त्यातल्या एका खेपेला त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. एरवी तो उभा. आमच्या कॉलेजातल्या संगणकाच्या खोलीत एका टेबलावर दुसरं टेबल चढवून, त्यावर संगणक ठेवून हा माणूस उभ्याउभ्या काम करायचा. त्याच्या वाट्याच्या खुर्चीवर त्याची पिशवी बसायची. कोणी बसा म्हटलं की "हो जी, बसतो" म्हणायचा आणि खिडकीपर्यंत जाऊन यायचा. नवीन प्राचार्य आले तेव्हा त्यांना वाटलं, हा आपल्या मानापोटी उभा आहे. त्यांनी दोन-तीनदा प्रेमाने बसायला सांगितलं, मग त्यांनीही नाद सोडला.

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होते. कडक बाई म्हणून माझी ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. पुस्तक जागेवर असावं, माणूस जागेवर असावा, एवढीच माझी अपेक्षा. नेमका हा प्राणी माझ्या शेजारी येऊन पडला. नव्याण्णव साली कॉलेजला संगणक मिळाले तेव्हा ते ठेवायला वाचनालयालगतची रद्दीची खोली रिकामी केली, कारण फोनची लाइन माझ्या टेबलापर्यंतच आलेली होती आणि इंटरनेट त्याच लाइनीवरून चालायचं. तो जोडला की माझा फोन मुका, मी फोन उचलला की त्याचं इंटरनेट तुटलं. आमची ओळख अशी भांडणातून झाली. "मॅडम, दोन मिनिटं द्याजी," असं तो दारातून म्हणायचा. त्याच्या दोन मिनिटांत माझं जेवण होऊन डबा धुऊन व्हायचा.

चहासुद्धा तो एका जागी पीत नसे. कप हातात घेऊन चालू लागायचा आणि डोक्यात काही आलं की कप हाताशी असेल तिथे ठेवून द्यायचा. सायकल स्टँडवर, कुंपणाच्या भिंतीवर, एकदा तर माझ्या कपाटात दोन शब्दकोशांच्या मधे. आमचा चहावाला पक्का गोंदियाचा, हिंदीच बोलायचा. दुपारी रिकामा ट्रे घेऊन माझ्या टेबलाशी थांबायचा, "मॅडम, शहारे सर का कप ढूंढने जा रहा हूं," असं सांगून निघायचा. मी त्याला दिशा सांगायची. हे रोजचंच होतं.

विलासच्या तोंडी एक शब्द कायम असे, 'पुढच्यात'. पंखा कधी दुरुस्त होईल? पुढच्यात करू. मुलांच्या हजेरीचं काय? पुढच्यात घेऊ. लग्नाचं विचारलं तरी तेच, आणि ते त्याने खरोखर पुढे ढकलत नेलं. पुढच्यात म्हणजे पुढच्या आवृत्तीत. पण आवृत्ती कशाची, हे मला कळायला बराच काळ गेला.

एकदा लाइट गेली होती. त्या काळी गोंदियात लाइट जाणं ही काही बातमी नव्हती. मी काउंटरवर, समोर पोरं पुस्तकांसाठी ताटकळत उभी. विलास हातात पेचकस फिरवत आला आणि सांगू लागला की तो जे बनवतोय ते अगदी माझ्या काउंटरसारखं आहे. कोणीतरी लांबून एक पान मागतो, काउंटरवरचा ते काढून त्याला देतो. जगभर अशी काउंटरं आहेत, त्यांना वेब सर्व्हर म्हणतात, आणि तो स्वतःचा एक लिहितोय. मग त्याने विचारलं, लाइट गेल्यावर मी काय करते. मी म्हटलं, काय करणार? कोणी काय मागितलं ते ध्यानात ठेवते, लाइट आली की काढून देते, कोणाला परत रांगेत पाठवत नाही.

"बस," तो म्हणाला. "मोठमोठ्या सर्व्हरले एवढंच येत नाही. त्याइची लाइट जातच नाही ना."

त्याच्या सर्व्हरची ही खुबी होती. काम अर्ध्यात असताना वीज गेली, लाइन तुटली, तरी कोणाचं काय राहिलं हे तो विसरत नसे. नाव ठेवलं होतं 'बोडी'. आमच्याकडे शेताच्या वरच्या अंगाला लहानसा तलाव राखतात, पाणी अडवून ठेवायचं आणि लागेल तसं खाली सोडायचं, त्याला बोडी म्हणतात. ही बोडी त्याने इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडी ठेवली. कोणीही आत डोकावावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी, नवी भर घालावी, फुकट वापरावी. फुकट म्हटल्यावर मी नाक मुरडलं. असलं कोण वापरणार? तर निघाले की वापरणारे. ज्यांची ज्यांची वीज जाते ते सगळे त्याचे गिऱ्हाईक. कुठल्याशा बेटावरची शाळा, कुठल्याशा डोंगरावरचा दवाखाना. आणि मार्टिन नावाचा एक बर्फाच्या मुलखातला माणूस. त्याच्या गावी वादळात तारा तुटत. तो फार तोडून बोलायचा म्हणे, आणि विलासला त्याचं तेच आवडायचं. "आपल्याच इकडचा वाटते लेकाचा," असं म्हणायचा.

दर शनिवारी कॉलेज सुटलं की ही मंडळी आपापल्या मुलखातून इंटरनेटवर जमायची आणि पुढच्या आवृत्तीत काय करायचं यावर वाद घालायची. वाद टाइप करून व्हायचा, पण विलास तो चालत चालत करायचा. दोन ओळी टाइप केल्या की खिडकी, परत येऊन दोन ओळी, मग फळा. खोलीतला फळा पोरांसाठी होता, पण त्यावर कायम बोडीचाच बेत लिहिलेला. डोंगरवाल्याला काय हवं, बेटवाल्याला काय हवं, एकाखाली एक. एकाची गरज सगळ्यांनी मिळून पुरी करायची आणि मगच दुसऱ्याच्या कामाला हात घालायचा, असा नियम विलासने घालून दिला होता. आपलीच गरज आधी रेटणाऱ्याला तो शांतपणे थांबवायचा. त्याच्या पँटीवर खडूचे पट्टे असत आणि ते धुतलेल्या पँटीवरही दिसत.

त्या फळ्यावर सर्वांत खाली एकच शब्द असायचा, 'केशोरी'.

केशोरी त्याचं गाव. अर्जुनीच्या पुढे, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे कडेने बांध घातलेल्या शेततुकड्यांच्या मधे. विलास दहावीला चांगला पास झाला होता, पॉलिटेक्निकला जायचं होतं. अर्जाची सूचना गोंदियात लागली आणि केशोरीला कळलं तेव्हा तारीख निघून गेलेली होती. ते वर्ष त्याने मायच्या मागे बायांबरोबर चिखलात रोवणी करून काढलं. मला त्याने हे हसत सांगितलं, पण सांगताना खिडकीपर्यंत इतक्या फेऱ्या घातल्या की मलाच घेरी आली. तेव्हापासूनच बहुधा त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. कुठेतरी काहीतरी निघालं आहे आणि आपल्याला पत्ता नाही, अशी धास्ती या माणसाच्या पायांत होती.

आता केशोरीच्या शाळेत एक संगणक आला होता, पण लाइन जिवंत कमी आणि मेलेली जास्त. विलासला हवं होतं ते एवढंच: लाइन थोडा वेळ जरी आली तरी गोंदियाच्या बोडीतलं नवं तेवढं केशोरीच्या बोडीत उतरावं, मधेच तुटलं तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू व्हावं, आणि लाइन नसतानाही पोरांना ते उघडून बघता यावं. मग केशोरीच्या कोणत्याच पोराची तारीख हुकणार नव्हती. ही त्याची सर्वांत जुनी इच्छा. बोडी लिहायला घेतली तीच यासाठी. पण नवा कोणी आपली गरज घेऊन आला की विलास फळ्यावरचा 'केशोरी' पुसायचा आणि आणखी एक ओळ खाली लिहायचा. मला ते बघवत नसे. एकदा मी चिडून विचारलं, अरे बाबा, घर तुझं, मग तू शेवटी का? तो म्हणाला, "घर माहं आहे म्हणूनच ना, मॅडम." मला काही उलगडा झाला नाही.

उलगडा झाला तो केशोरीला. रोवणीचे दिवस होते, एका रविवारी मी हट्टाने त्याच्याबरोबर गेले. गाडीत जागा असून हा दारात उभा. सौंदडला गाडी थांबली तर खाली उतरून फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला आणि गाडी हलल्यावर धावत येऊन चढला. मी त्याला फैलावर घेतलं. तो मान हलवत राहिला. अर्जुनीहून पुढे एस.टी.

त्याची माय, भागरताबाई, बांधीत होती. बायांची रांग वाकून रोवत होती आणि ही मधे. गावातल्या पंधरा-वीस घरच्या बाया एकमेकींच्या बांधीत पाळीने रोवायला जात आणि त्यांना गोळा करायचं काम हिच्याकडे. आवाज असा की दोन बांध्या पलीकडची बाईसुद्धा चुकार होणार नाही. पण ती रोवत होती ती बांधी दुसऱ्याची. तिची स्वतःची धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या पलीकडे नुसती पाणी भरून पडलेली, आणि कडेला तिचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळी पडू लागलेली. रोप जून झालं की धान नीट फुटत नाही, एवढं गोंदियात राहून मलाही ठाऊक होतं. माझा स्वभाव आडवा आला. मी म्हटलं, बाई, तुमचे पऱ्हे चालले, आधी तुमची बांधी का नाही करत?

हात न थांबवता ती म्हणाली, "मी बलावतो ना सगळ्याइले. जो बलावते त्याची बांधी शेवटी. माही पहिले केली तं उद्या कोण येईन?"

मी विलासकडे पाहिलं. तो धुऱ्यावरून येरझाऱ्या घालत होता.

दुपारी घरी जेवायला बसलो. म्हणजे आम्ही दोघी बसलो, विलास ताटली हातात घेऊन दारात. भात आणि अंबाडीची भाजी होती. तिने त्याला कामाचं विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं, अगदी तिच्या भाषेत. कोणाकोणाच्या बांध्या आहेत, कोणाचं काय झालं, कोणाचं चालू आहे, आणि माझी शेवटी. स्वरात थोडा अभिमानच होता, तिचं पोर शोभावं असा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, किती जण आहेत? तो म्हणाला, आधी चार-पाच होते, आता दर महिन्याले कोणी ना कोणी नवा येते.

तिचा हात ताटातच थांबला. "मंग तुही बांधी कधीच येत नाही, बाबू," ती म्हणाली. "आमचं गाव सरते. सगळ्याइचं झालं का माही येते. तुहं गाव सरूनच नाही राहिलं."

विलास जागच्या जागी उभा राहिला. इतकी वर्षं इतक्या हुशार माणसांशी तो पुढचे बेत करत होता, आणि बेतातली ही चूक कोणाच्या लक्षात आली नव्हती. मलाही ती ऐकल्यावरच दिसली. त्याने विचारलं, मग काय करू, यंदा माझी आधी करा म्हणून सांगू का?

"नोको," ती म्हणाली. "सांगायची नसते."

मग तिने एका सालची गोष्ट सांगितली. पाऊस लांबला होता, कामं रखडली होती आणि तिचे पऱ्हे हातचे जात होते. तिने कोणाला काही म्हटलं नाही. सकाळी आपल्या बांधीत उतरली आणि एकटीच रोवू लागली. बाया दुसऱ्याच्या बांधीत जाताना धुऱ्यावरून बघत गेल्या. हिने मान वर केली नाही. मी विचारलं, मग आल्या का? म्हणे, दुपारून आल्या. आणि आल्या नसत्या तर?

"तं जेवढी झाली असती तेवढी लावली असती," ती म्हणाली आणि मला आणखी भात वाढला.

सोमवारी मी त्याच्या खोलीत डोकावले तर फळा कोरा, ओल्या फडक्याने पुसलेला. मधोमध एकच शब्द होता, 'केशोरी'. त्याने कोणाला काही कळवलं नव्हतं. इतरांची कामं बाजूला ठेवली आणि बोडी जिथे सगळ्यांना उघडी दिसते तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आपलं काम लिहायला घेतलं.

ते दिवस वाईट गेले. लोकांनी विचारलं, आमचं कुठवर आलं? हा नम्रपणे लिहायचा की मी सध्या इथे काम करतोय. काही जण रागावले, एक-दोघे तर बोडी सोडून गेले. विलास तासातासाला माझ्या दारात येऊन "कोणी नाही आलं" एवढं सांगून जायचा. चहावाल्याला कप सापडेनासे झाले. एका दुपारी त्याने माझ्या वाचनालयातल्या सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या, का ते त्यालाही सांगता आलं नाही. मी त्याला हाकलून दिलं. मग माझंच मन खायला लागलं, तेव्हा हाक मारून आणला आणि काउंटरशी उभा करून चहा पाजला. मला त्याची फार काळजी वाटू लागली होती. काम एकट्याच्याने होण्याजोगं नव्हतं, हे तोच मला समजावून सांगत होता. लाइन तुटली तर कुठवर उतरलं हे दोन्हीकडे सारखं समजायला हवं होतं, आणि नेमकं ते त्याला जमत नव्हतं. तो रोज थोडं करायचा, दुसऱ्या दिवशी त्यातलं अर्धं मोडायचा. मी तेव्हा एकच करू शकत होते. माझ्या टेबलावरच्या फोनची पिन काढून ठेवली, म्हणजे कोणाच्या फोनने त्याची लाइन तुटू नये. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, वाचनालयाचा फोन का लागत नाही. मी म्हटलं, सर, इथे कोण लाइनीचा भरवसा धरतो?

पावसाळा संपत आला होता. एका दुपारी विलास दारात आला. दोन मिनिटं मागितली नाहीत, येरझारा नाही, नुसता चौकट धरून उभा राहिला.

"मॅडम, आला," तो म्हणाला.

मार्टिन आला होता. एक शब्द न लिहिता त्याने विलासने सकाळी केलेल्या कामातली एक वाकडी ओळ सरळ करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग बेटवाला आला, मग डोंगरवाला, आणि पुढल्या काही दिवसांत सगळेच त्या कामात उतरले. जे विलासला जमत नव्हतं तेही मार्टिनने सोडवलं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसायला शब्दकोशाच्या कपाटामागे गेले. पुढे मार्टिनने विचारलं म्हणे, तू आधीच सांगितलं का नाहीस? विलास मला म्हणाला, आता त्याला काय सांगू? शेवटी त्याने मायची गोष्ट जशीच्या तशी लिहून पाठवली. मार्टिनचं उत्तर आलं, की आमच्या गावातही बर्फ उपसताना हे असंच आहे.

केशोरीच्या शाळेत ते सुरू केलं त्या दिवशी मी होते. लाइन नेहमीप्रमाणे मेलेली. गुरुजींनी बटण दाबलं आणि गोंदियात लागलेली पॉलिटेक्निकच्या अर्जाची सूचना समोर आली. सकाळी लाइन थोडी जगली होती तेव्हा ती उतरून बसली होती. भागरताबाई दोन-चार बाया घेऊन दारात आली होती. तिने आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "झाली का तुही बांधी?"

"झाली," विलास म्हणाला, आणि शाळेच्या पायरीवर बसला. चांगला मांडी घालून बसला. माय शेजारी टेकली आणि तिने त्याच्या पँटीवरचा खडू झटकला. मग गुरुजींनी आतून विचारलं, सूचनेची अक्षरं जरा मोठी होतील का? तसा तो "पुढच्यात करू" म्हणत उठलाच.

त्यानंतर मी निवृत्त झाले. कॉलेजचा आणि माझा संबंध तुटला. भागरताबाई गेल्याचंही मला उशिरा कळलं. काही वर्षांनी अर्जुनीला भाचीच्या घरी गेले असताना राहवलं नाही, म्हणून एस.टी. धरून केशोरी गाठलं. रोवणी चालली होती. बायांच्या रांगेत एक पुरुष पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाकलेला दिसला. केस पांढरे झाले होते. शेजारची बाई त्याला सुनावत होती, "सरजी, तुमची रांग वाकडी होऊन राहिली." बांधी त्याची नव्हती. शेजारच्या काकूची होती. आता बायांना तीच बोलावते, त्यामुळे तिची शेवटी.

मी धुऱ्यावरून हाक मारली. तो हसला, पण हात थांबवले नाहीत. मी बोडीचं विचारलं. म्हणाला, आता माझ्याकडे नाही, मार्टिनकडे दिली. सगळ्यांना आता तो बोलावतो. पाळी आली की मीही जातो त्याच्या बोलावण्यावर, म्हणाला.

मी विचारलं, मग मार्टिनची स्वतःची?

"शेवटी," तो म्हणाला. हातातल्या जुडीतून एक रोप काढून चिखलात खोवलं, मग दुसरं. "त्याचे पऱ्हे जून होऊन राहिले, मॅडम. काल बोडीत पाहिलं, एकटाच लागला आहे. कोणाले काही बोलला नाही."

"मग?"

"मंग काय," तो म्हणाला. "एवढी बांधी झाली का जातो."

आणि पुन्हा वाकला. मी एस.टी.साठी निघाले, वळणावरून मागे पाहिलं, तेव्हाही तो तसाच वाकलेला होता आणि त्याची रांग बायांच्या थोडी पुढे गेली होती.